बाबांच्या सहीचे कोरे चेक

पत्र: "आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला आहे. तीन विंग, 48 सदनिका, इमारत 1994 ची. गेली चौदा वर्षं एकच सेक्रेटरी आहेत. माझे बाबा (वय 72) खजिनदार, पण ते नावालाच. सेक्रेटरी काका आणि बाबा एका शाळेतले. बाबा चेकबुकातल्या दहा-बारा चेकवर एकदम सह्या करून ते काकांकडे देऊन ठेवतात. 2022 मध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम झालं, प्रत्येक घरामागे 35,000 रुपये घेतले. दुसऱ्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यांवर पुन्हा ओल आली. दोन वर्षं ऑडिट 'सीएकडे आहे', आणि वार्षिक सभा झालेली नाही. आता नव्या लिफ्टसाठी घरटी 40,000 मागताहेत. मी विषय काढला तर बाबा म्हणतात, 'त्याच्यावर शंका म्हणजे माझ्यावर शंका.' काका अप्रामाणिक आहेत की त्यांना जमत नाही, हेच मला कळत नाही. रात्री अकराला पाणी गेलं तरी पंपापाशी तेच उभे असतात. मी पुढे काय करू? बाबा अडचणीत येतील का?" (एक वाचिका, डोंबिवली)

ताई,

काका चोर आहेत की अडाणी, हा प्रश्न निदान महिनाभर बाजूला ठेवा. आज त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही आणि पहिल्या पावलांसाठी ते लागतही नाही. दोन्ही शक्यतांमध्ये करायचं तेच आहे: कोरे चेक थांबवायचे आणि कागद हातात घ्यायचे. उत्तर कागदातूनच येईल. आधीच आरोप केलात तर कागद मात्र कपाटात जातील.

चेक आधी, कारण तुमच्या बाबांना खरा धोका तिथे आहे. सही करून कोरा दिलेला चेक म्हणजे समोरच्याला रक्कम आणि नाव भरण्याची मुभा दिली, असंच कायदा धरतो. "मी फक्त सही केली, आकडा मी लिहिला नाही" हे नंतर सांगून फारसा उपयोग होत नाही. तारीख घातलेला चेक तीन महिन्यांत शिळा होतो. तारीख न घातलेला होत नाही, तो कपाटात दोन वर्षंही जिवंत राहतो. म्हणून याच आठवड्यात बाबांना चेकबुक मागून घ्यायला सांगा. खजिनदाराने चेकबुक मागण्यात वावगं काही नाही. शेवटचा वटलेला चेक कोणता ते पासबुकावरून काढा, त्यापुढचे क्रमांक मोजा, त्यातले सही केलेले आणि अजून न वापरलेले वेगळे लिहा. त्या क्रमांकांचं पेमेंट थांबवण्याचं पत्र बाबांनी शाखेत द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्यायची. बँक कदाचित दुसऱ्या सहीचाही आग्रह धरेल. धरू दे, बाबांनी कळवल्याची तारीख नोंदीत गेली की आपलं निम्मं काम झालं. त्याच फेरीत विचारा: खात्याला मोबाइल नंबर कोणाचा जोडला आहे? नेटबँकिंगचा युजर आयडी कोणाकडे आहे? बहुतेक ठिकाणी दोन्ही सेक्रेटरीचेच असतात. बाबांच्या मोबाइलवर एसएमएस सुरू करून घ्या. 50,000 किंवा त्यावरच्या चेकसाठी बँकांत 'पॉझिटिव्ह पे' असतं: चेकचा क्रमांक, नाव, रक्कम आधी बँकेला कळवायची, तपशील जुळला तरच चेक वटतो. ते सोसायटीच्या खात्याला लावून घ्या.

बाबांनी लगेच राजीनामा द्यावा, असं तुमच्या मनात येत असेल. देऊ नये. समितीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्या सदस्यांवर सामूहिक आणि वैयक्तिक, दोन्ही प्रकारे येते. राजीनाम्याने मागची वर्षं पुसली जात नाहीत, आणि कागद बघण्याचा सगळ्यात सोपा अधिकार मात्र हातचा जातो. खजिनदार म्हणून ते बँकेचं स्टेटमेंट, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), व्हाउचर (प्रत्येक खर्चाची नोंदचिठ्ठी) सगळं मागू शकतात. साध्या सभासदाला इतकं मोकळेपणाने मिळत नाही. त्यांनी सेक्रेटरींना चार ओळींचं पत्र द्यावं: यापुढे बिल आणि समितीचा ठराव पाहिल्याशिवाय सही करणार नाही, आणि मागच्या तीन वर्षांची व्हाउचर तपासायला द्यावीत. पत्राची पोच घ्यायची. पुढे कधी चौकशी झाली तर बाबा कुठल्या तारखेपासून सावध झाले, हे त्या पोचेवरून दिसेल.

तुम्ही सभासद असाल तर स्वतःचा अर्ज वेगळा करा. घर फक्त बाबांच्या नावावर असेल तर तो त्यांनी करावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी 13-ब हे वेगळं प्रकरण आलं, त्यातली कलमं 154 ब-1 पासून सुरू होतात. सभासदाला दप्तर पाहण्याचा आणि फी भरून नकला घेण्याचा हक्क त्यात आहे. मागायचं ते नेमकं मागा: शेवटचे तीन ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रकं, ऑडिट अहवाल, सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या बैठकींची इतिवृत्तं, सभासद नोंदवही, तुमच्या घराचं खातं. "सर्व हिशेब द्यावेत" असं लिहिलंत तर उत्तरही तसंच गोलमटोल येतं. अर्ज घेतला नाही तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. सोसायटीला थेट माहिती अधिकार लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी उपनिबंधक कार्यालयाला तो लागू आहे. तुमचं कार्यालय कल्याण तालुक्याचं. दहा रुपये फी भरून तिथल्या माहिती अधिकाऱ्याकडे विचारा: आमच्या संस्थेचे कुठल्या कुठल्या वर्षांचे ऑडिट अहवाल जमा आहेत, दोषदुरुस्ती अहवाल (ऑडिटमधल्या त्रुटी दुरुस्त केल्याचा) आला आहे का, शेवटची निवडणूक कधी झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "सीएकडे आहे" हे खरं की खोटं, ते तिथे कळेल. समितीची मुदत पाच वर्षांची असते. चौदा वर्षांत निवडणुका खरंच झाल्या की "काकाच राहू देत" म्हणून टाळ्या वाजल्या, हेही त्याच उत्तरात दिसेल.

आता कागद वाचायचे कसे. यावर जरा थांबते, कारण बहुतेकांना स्टेटमेंट मिळतं आणि तिथेच ते अडतात.

कामाचं वर्ष घ्या, 1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2023. आधी जमा बाजू. 48 घरं गुणिले 35,000 म्हणजे 16,80,000 रुपये. यातले चेकने किंवा ट्रान्स्फरने किती आले, ते स्टेटमेंटवर नावानिशी दिसतं. राहिलेली रोकड. रोकड पकडायची ती पावती पुस्तकांच्या स्थळप्रतींवर. छापलेल्या पुस्तकांचे क्रमांक सलग लावा: 1 ते 100, 101 ते 200, असे. मधलं एखादं पुस्तक "सापडत नाही" असं उत्तर आलं तर त्याचे क्रमांक लिहून ठेवा आणि शेजाऱ्यांकडच्या पावत्या पाहा. हरवलेल्या पुस्तकातली पावती कोणाच्या फायलीत निघाली आणि ती रक्कम खात्यात नाही, तर तो पहिला पक्का पुरावा. मग इतर उत्पन्न: गच्चीवरचा मोबाइल टॉवर, बाहेरच्यांची पार्किंग, भंगार विक्री, आणि विशेषतः घरांचे व्यवहार. हस्तांतरणाचं अधिमूल्य, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त 25,000 घेता येतं. त्यावर 'ऐच्छिक देणगी' म्हणून रोख घ्यायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती बेकायदा आहे. चौदा वर्षांत विकली गेलेली घरं मोजा आणि नव्या मालकांना विचारा किती दिले. हिशेबात 25,000 आणि तोंडी 75,000 असेल तर आणखी शोधायला लागत नाही.

मग नावे बाजू, म्हणजे खर्च. 'सेल्फ' किंवा बेअरर चेक, म्हणजे ज्यांवर काउंटरवरून रोख मिळते ते, वेगळे काढा. प्रत्येकाला व्हाउचर हवं, आणि त्या व्हाउचरमागे बिल. एक बिल हातात घेऊन नीट पाहा. समजा पाण्याच्या टाक्यांच्या सफाईचं आहे. मेमधल्या बिलाचा क्रमांक 17 आणि ऑक्टोबरमधल्या बिलाचा 18. म्हणजे पाच महिन्यांत या ठेकेदाराला तुमच्या सोसायटीशिवाय एकही गिऱ्हाईक मिळालं नाही? बिलात 18 टक्के जीएसटी लावला आहे आणि जीएसटी क्रमांकच नाही? क्रमांक असेल तर पंधरा अक्षरं-आकडे मोजा. महाराष्ट्रातली नोंदणी 27 ने सुरू होते. जीएसटी पोर्टलवर तो फुकट तपासता येतो: नाव जुळतं का, नोंदणी चालू आहे की रद्द झाली. 5,000 च्या वर रोख दिली असेल तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावर सही हवी. दोन वेगळ्या ठेकेदारांच्या बिलांवर अक्षर एकच दिसलं तर दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी ठेवा, त्यावर आणखी काही लिहू नका.

ठेवी शेवटी, पण त्या चुकवू नका. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के जमायला हवा. तो मुदत ठेवीत आहे असं ताळेबंदात लिहिलेलं असतं. पावतीची झेरॉक्स पाहून समाधान मानू नका. मूळ पावती पाहा, आणि बँकेकडून 31 मार्चच्या शिल्लकीचं प्रमाणपत्र घ्या. ठेवीवर कर्ज काढलेलं असेल तर झेरॉक्स ते सांगत नाही, बँक सांगते. ठेव ओळखीच्या पतसंस्थेत असेल तर ती लगेच प्रश्न करण्याची बाब आहे, कारण पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमा नाही. बँकेतही विमा दर बँकेमागे 5 लाखांपर्यंतच. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. ज्या सोसायट्यांचे सगळे पैसे एकाच शाखेत होते, त्यांना सफाई कामगारांचे पगार देणंही जड गेलं.

गच्चीकडे या. इथे अज्ञान आणि बेइमानी वेगळी दिसू शकते. टेप घेऊन गच्ची मोजा: लांबी गुणिले रुंदी, आणि कडेची गोलाई कठड्यावर जिथपर्यंत चढवली आहे तेवढी उंची. ते चौरस फूट बिलातल्या आकड्याशी ताडा. मोजमापच फुगवलेलं असेल तर तो अडाणीपणा नव्हे. मोजमाप बरोबर आणि तरीही गळती, तर करारनामा पाहा. किती थर, कुठलं साहित्य, पाणी साठवून चाचणी घ्यायची की नाही, हे लिहिलं होतं का? गच्चीची पाणी उतरण्याची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी तुंबवायचं आणि खालची छतं पाहायची, ही चाचणी शेवटचा हप्ता देण्याआधी करायची असते. शिवाय रकमेतला पाच-दहा टक्के भाग एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचा असतो. गळती बहुधा गच्चीच्या मधून होत नाही. कडेच्या गोलाईला तडा जातो किंवा पाइपाच्या तोंडाशी सांधा सुटतो, आणि ठेकेदाराला पूर्ण पैसे मिळालेले असले की तो तेवढ्यासाठी परत येत नाही. पावसाआधीच पूर्ण रक्कम चुकती केलेली, करार एका पानाचा, चाचणी नाही, हे चित्र साधेपणाने फसलेल्या माणसाचंही असू शकतं. तुमच्या काकांबाबत मला हीच शक्यता आज मोठी वाटते. पण सोसायटीचे 16,80,000 यातही तसेच जातात. रात्री अकराला पंपापाशी उभं राहणारा माणूस करार लिहिण्यात कच्चा असू शकतो, आणि तुम्ही सगळ्यांनी पंपावरून करारही त्याच्याच हाती सोपवला. पैसे घेणारा, देणारा आणि लिहिणारा एकच माणूस झाला, की तो चांगला असला तरी त्याची चूक कोणाला दिसत नाही.

लिफ्टबद्दल सरळ सांगते: सभेचा ठराव, लेखी अंदाजपत्रक आणि किमान तीन कोटेशन पाहिल्याशिवाय 40,000 देऊ नका. घरटी 40,000 म्हणजे 19,20,000. एवढा खर्च समिती स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही. कोटेशन शेजारी ठेवून वाचा. तिन्हींत एकच शुद्धलेखनाची चूक, तोच फाँट, तोच क्रम असेल तर ती एकाच टेबलावर तयार झाली आहेत. जुन्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीची भेटींची वही मागा, काय बदललं आणि कशाची शिफारस केली ते त्यात असतं. बऱ्याचदा दोर, ब्रेक, दरवाजे आणि कंट्रोल पॅनल बदलून काम भागतं. पूर्ण नवी बसवायची तर लिफ्ट निरीक्षकांची परवानगी लागते, तिची प्रत पाहा. इमारतीने तिशी ओलांडली आहे, म्हणजे उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट हवं. ते झालं नसेल तर नव्या लिफ्टआधी ते करून घ्या. पैसे द्यायची वेळ आली तर सोसायटीच्या खात्यातच द्यायचे, कोणाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर नाही.

महिन्याचा मेंटेनन्स मात्र एक दिवसही थांबवू नका. "हिशेब द्या मग भरतो" म्हणून अनेकजण थांबवतात, आणि तिथेच हरतात. थकबाकीवर व्याज लागू शकतं, वसुलीचा दाखला निघू शकतो, आणि थकबाकीदाराला समितीवर जाता येत नाही. भरा, आणि सोबत "हरकत नोंदवून भरत आहे" असं पत्र द्या. दुसरी तशीच चूक व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. तिथे 'घोटाळा', 'खाल्ले' असे शब्द एकदाही लिहू नका. बदनामीची नोटीस तुम्हाला येईल आणि विषय हिशेबावरून तुमच्यावर सरकेल.

माणसं जोडताना संख्या लक्षात ठेवा. 48 चा एक पंचमांश 9.6, म्हणजे दहा सह्या. दहा सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा एका महिन्यात बोलवावीच लागते. वार्षिक सभा तर दरवर्षी 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी होती. मागणीपत्रात विषय तीनच ठेवा: प्रलंबित ऑडिट, 2022 च्या कामाचा हिशेब, लिफ्टचा प्रस्ताव. सभेला वेळेवर जा. गणसंख्या, म्हणजे किमान हजेरी, नसली तर सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली सभा रद्दच होते. इतर सभा मात्र बहुधा अर्ध्या तासाने पुन्हा भरते आणि मग कितीही कमी लोकांत ठराव होतात. सहा माणसांनी "सर्वानुमते मंजूर" केलेल्या खर्चांचा उगम बहुधा त्या अर्ध्या तासात असतो. विरोध असेल तर तो नावासह इतिवृत्तात लिहायला लावा.

सभा झालीच नाही किंवा उत्तरं मिळाली नाहीत, तर त्याच दहा सह्यांनी उपनिबंधकांकडे कलम 83 खाली चौकशीचा अर्ज करता येतो. ऑडिट खरं चित्र दाखवत नसेल तर कलम 81 खाली चाचणी लेखापरीक्षणाची, म्हणजे हिशेब पुन्हा तपासून घेण्याची, मागणी करता येते. नुकसान कोणाकडून वसूल करायचं ते त्यापुढे कलम 88 मध्ये ठरतं. अर्ज एका पानाचा असू द्या: तारीख, रक्कम, जोडलेला कागद, एवढंच. तीस मुद्द्यांचा, रागाने लिहिलेला अर्ज दप्तरी दाखल होतो. आवक क्रमांक घ्या आणि दर पंधरा दिवसांनी त्याचा हवाला देऊन लेखी विचारा. सरकारी कार्यालयावरही डोळे मिटून भिस्त ठेवायची नाही. प्रशासक, म्हणजे समितीच्या जागी सरकारने नेमलेला माणूस, आणा असं कोणी सुचवेल. त्याचा खर्च सोसायटीच्याच पैशातून जातो आणि पंपापाशी तो उभा राहणार नाही, म्हणून ती मागणी सगळ्यात शेवटची. खोट्या सह्या किंवा सरळ अपहार कागदावर दिसला तर मात्र वकिलाला भेटून पोलिसांकडे जा. ऑडिटरला असा प्रकार आढळला तर निबंधकांना विशेष अहवाल देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

राहिले बाबा. पन्नास-साठ वर्षांच्या मैत्रीवर तुम्ही आरोपाने चाल केलीत तर ते मित्राच्याच बाजूने उभे राहतील, आणि तसं वागणं त्यांच्या स्वभावाला धरूनच असेल. त्यांच्यासमोर काकांचं नाव काढू नका. फक्त एवढं म्हणा: "बाबा, उद्या काकांना काही झालं तर या खात्यातले पैसे कुठे आहेत, हे तुम्हाला सांगता येईल का?" आणि मग काम त्यांच्याच हाती द्या. पासबुक भरून आणायचं, प्रत्येक महिन्याची अखेरची शिल्लक रोजकीर्दीशी जुळवायची, फरक असेल तर तो फरक नुसता लिहून ठेवायचा. स्टेटमेंटवर खुणा तुम्ही करू नका, पेन त्यांच्या हातात द्या. ते खजिनदार आहेत आणि कोणी त्यांना हिशेब दाखवला नाही, याचं वाईट त्यांनाही आतून वाटत असणार.

तीन वर्षं जुळवून सगळं बरोबर निघालं, तर तेही सभेत लेखी सांगा, काकांच्या चौदा वर्षांच्या कामाची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा आणि त्याच सभेत पावती पुस्तक एकाकडे, चेकबुक दुसऱ्याकडे आणि रोजकीर्द तिसऱ्याकडे द्या. फरक निघाला तर तो आधी बाबांनाच काकांना विचारू द्या, घरी बसून, कागद समोर ठेवून. उत्तरासाठी आठ दिवस द्या. त्यानंतर दहा सह्यांचा कागद बाहेर काढा, आणि बाबा तयार असतील तर पहिली सही त्यांची घ्या.